सूचना विभाग, खोली क्रमांक चार

सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी
मी लाल बटण दाबते.
आधी खरखर. मग मी.

अकदेरे शहरात त्रेसष्ट खांबांवर
माझा आवाज टांगलेला आहे.
खालच्या बाजारात तो आधी पोचतो,
टेकडीवरच्या मोहल्ल्यात अर्धं वाक्य उशिरा,
मधल्या चौकात दोन्ही एकमेकांवर आदळतात
आणि तिथल्या लोकांना सगळं
दोनदा ऐकू येतं, कळत एकदाही नाही.
नगरपालिकेला हे अठरा वर्षं माहीत आहे.

"दुपारी दोन ते चार गिरणीच्या रस्त्याला पाणी येणार नाही."
"करड्या रंगाची शेळी, डाव्या कानाला दोरा,
कोंडवाड्यात आहे."
"हाज्जी रजबांच्या सूनबाई मुअल्ला हानम
काल रात्री वारल्या.
दफन दुपारच्या नमाजानंतर."

तिन्ही एकाच सुरात वाचायचं, असा नियम.
मी पाळते. फक्त नावाआधी एक श्वास घेते,
तेवढ्यावरून बायका हात पुसत खिडकीशी येतात.

त्या मंगळवारी नेव्झातनं तीन नंबरच्या बसमधलं
एक श्रवणयंत्र आणून टेबलावर ठेवलं.
हरभऱ्याएवढं. मुठीत धरलं की बारीक शीळ घालायचं.
मी वाचलं : "श्रवणयंत्र सापडलं आहे.
ज्यांचं असेल त्यांनी ओळख पटवून न्यावं."
कुणी येईना.
बुधवारी पुन्हा वाचलं.
गुरुवारी जरा मोठ्यानं.
तेव्हा झाडूवाला सातिल्मिश दारात आला
आणि हसता हसता खालीच बसला.
मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

यंत्र हुलूसी उस्तांचं.
पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं काढलेली.
गाव निजलं की लोखंडी सळई रस्त्याला टेकवून
वरचं टोक कानाशी लावायचे,
जमिनीखालची गळती ऐकायचे.
"इथे खणा," म्हणायचे, आणि तिथेच ओल लागायची.
माझ्या लग्नाच्या वर्षी आमच्या दारात आले होते.
मी चहा नेला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं :
पेल्यात चमचा वाजत होता.

शनिवारी मी स्वतःच गेले.
कार्यालयाबाहेर सेवा देण्याची तरतूद नाही.
उस्ता अंगणात उभे, तळहात नळाच्या पाइपावर.
"जमाल व्हॉल्व्ह फार घाईनं फिरवतो,"
मला बघताच म्हणाले.
मी यंत्र पुढे केलं.
त्यांनी माझीच बोटं त्याच्यावर मिटवली.

"विसरलो नव्हतो, पोरी. सीटवर ठेवून उतरलो.
तुझा आवाज चांगला आहे.
पण मागच्या थंडीत तू माझ्या पत्त्यांच्या टेबलावरून
एकेकाला उचलत गेलीस.
आता उरलेला भिडू मीच.
ते मला दुसऱ्यांनी ऐकू दे."

येताना सुक्या अंजिरांची पुडी दिली. पैसे विचारले तर
ऐकू न आल्यासारखं केलं,
म्हणजे खरंच ऐकू आलं नव्हतं.

यंत्र आता माझ्या खणात आहे,
एक कवळी, एक हातमोजा, तीन छत्र्या यांच्या शेजारी.
नव्वद दिवसांनी लिलाव.
सेल संपेपर्यंत मधूनच शीळ घालायचं,
आणि पुढच्या टेबलावरची फेरिहा
उगाच खिडकी लावून यायची.

सोमवारी कागद आले : पाणी, घरपट्टीची मुदत,
शेळीचा मालक सापडला.
काळ्या कडेचा कागद नव्हता.
मी बटण सोडायच्या आधी म्हणून गेले,
"आज कुणी गेलं नाही."
टेकडीवरून ते उशिरा परत आलं.
बाजारात म्हणे तराजू थांबले होते.

दुपारी साहेबांची चिठ्ठी :
ही सूचना कोणत्या विभागाची,
कुणाच्या सहीनं,
आणि नोंदवायची कोणत्या वहीत?

उत्तर अजून लिहिलेलं नाही.
जाता जाता जमालला तेवढं सांगितलं,
हळू फिरव रे.
गिरणीच्या रस्त्यावर अजून ऐकतात.